अवस्थेचा रकाना

महापेला, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी दोन ते रात्री अकरा
मी बेल्जियममधल्या एका गावाची यादी तपासते.
गावाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं
लिहायची असतात, उच्चारायची नसतात.
वस्ती चार हजार. स्वतःची नगरपालिका आहे.
आमच्या घणसोलीत तेवढी माणसं
एका सेक्टरात लिफ्टची वाट बघतात.

क्रमांक एक: चर्च. कळस पिळलेला,
धुतलेला टॉवेल पिळावा तसा.
सुताराची चूक की वाऱ्याची, यावर तिथे दोन तट आहेत.
क्रमांक सात: शेतघर, निळसर दगडाचं, गोठा आतच.
भिंतीवर लोखंडी आकडे ठोकून साल लिहिलंय,
एक, सात, चार. शेवटचा आकडा गळून पडला,
म्हणून ते घर दहा वर्षं बांधलं जात राहतं.
क्रमांक तेवीस: लिंडनचं झाड, खोडात खिळे.
दात दुखला की तिथे जाऊन खिळा ठोकायचे.
शेजारच्या सेल्वराजला हे दोनदा समजावलं.
मला कुणी समजवावं लागलं नाही;
हिरूआत्याने आमच्या चिंचेत ठोकलेले
मी शाळेत असताना मोजलेत.

मग एक्केचाळीस. सार्वजनिक धुण्याची जागा.
अवस्था: उत्तम, बरी, पडझड, नष्ट.
'नष्ट' निवडलेलं.
रस्ता रुंद करताना पाडली, माझी आई जन्मायच्या आधी.
तरी क्रमांक आहे. लांबी आहे, रुंदी आहे.
पाणी कुठल्या झऱ्यातून यायचं ते आहे.
साबणाने गुळगुळीत झालेला एक दगड
कुणीतरी घरी नेऊन पायरीला लावला,
त्या घराचा नंबरसुद्धा आहे.
मी बराच वेळ स्क्रीन खाली सरकवलाच नाही.

चाचणीसाठी एक रिकामी ओळ असते, शून्य क्रमांकाची.
शुक्रवारी रात्री आपोआप पुसली जाते.
तिच्यात मी लिहिलं: उघाडी.
खाडीच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं,
नाहीतर भातात खारं पाणी.
राखणदार: परशा मढवी, माझा आजोबा.
मोबदला: वर्षाला दोन मण भात
आणि दाराच्या तोंडाशी सापडतील ती निवटी.
जागा: सेक्टरातलं उद्यान, घसरगुंडीच्या आसपास.
मोजमाप माहीत नाही.
अवस्थेचा रकाना तसाच सोडला.

गुरुवारी ओडिलचा मेल. ती तिथल्या पालिकेत बसते,
स्वल्पविरामांवरून मला छळते.
"क्रमांक शून्य. अवस्था भरलेली नाही. कृपया भरावी."
बस. हे काय, कुठलं, काहीच विचारलं नाही.

घरी पोचले तर नामाकाका ओट्यावर जागा.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आमची चार मजली इमारत,
ओटा तेवढा त्याने बिल्डरशी भांडून ठेवलाय.
विचारलं, उघाडी कधी मोडली?
त्याने तंबाखू या गालातून त्या गालात नेली.
"मोरली नाय ग. बुजवली.
दार लावलेलाच हाय. वरशी माती टाकली."
मग हाताने उंची दाखवली, छातीएवढी.
मग जरा थांबून हात कमरेला आणला.
"सागाचा व्हता," म्हणाला,
आणि ते मात्र दोनदा म्हणाला.

आज शुक्रवार.
बाण दाबला की चारच शब्द खाली उघडतात.
ओडिलला लिहिलंय, पाचवा पाहिजे.
लाकूड सागाचं. दार लावलेलं.
छातीपर्यंत की कमरेपर्यंत, ते कळवते.
त्यांची कचेरी चारला बंद होते, आपले साडेसात.
काचेबाहेर हायवे, त्याच्या पलीकडे खाडी.
भरती असावी आत्ता.
मला बघून सांगता येत नाही.